कारकूनसाहेबांच्या वतीनं सिल्लोडला

छत्रपती संभाजीनगरला मी गेले ती चक्क लबाडी करायला. व्याख्यानाचं आमंत्रण होतं. विषय: ‘छोटे मुक्त प्रकल्प चालू कसे ठेवावेत’. आणि बॅगेतल्या लॅपटॉपमध्ये माझाच छोटा मुक्त प्रकल्प बंद करत असल्याची सूचना लिहून तयार होती. शनिवारी व्याख्यान द्यायचं, रविवारी शहर बघायचं, सोमवारी एक बटण दाबून मोकळं व्हायचं, असा बेत. तो बेत कसा पार धुळीला मिळाला त्याची ही हकीकत. आठवलं की मला अजून एकटीलाच हसू फुटतं आणि घरचे विचारतात, काय झालं म्हणून.

आधी प्रकल्पाविषयी. मुक्त म्हणजे कुणीही घ्या, वापरा, उघडून बघा, दुरुस्त करा, दमडी नको. माझ्या प्रकल्पाचं नाव ‘उलगडा’. पूर्वी छापखान्यांत मराठी टाइप करायचे ते जुन्या फाँटात. ती फाइल आज मोबाइलवर उघडली की मराठीच्या जागी चिन्हांची भेळ दिसते. उलगडा ती भेळ निवडून परत सरळ मराठी करून देतो. एवढंच त्याचं काम.

तो मी बाबांसाठी लिहिला होता. बाबांनी जन्मभर पुण्यात मुद्रितशोधन केलं. घरी किराण्याची यादीसुद्धा लाल पेनाशिवाय वाचत नाहीत. त्यांचे जुने लेख उलगडता उलगडता ते म्हणाले, “एवढं करतेसच, तर ते शेवटचे अनुस्वारही काढून टाक. ‘इथं’ नाही, ‘इथे’. ‘यायचं’ नाही, ‘यायचे’.” मी आज्ञाधारक मुलगी. एक ओळ घातली: शब्दाच्या शेवटी अनुस्वार दिसला की तो उडवायचा आणि मात्रा द्यायची. बाबा खूश झाले. त्यांना खूश होताना फार वेळा पाहिलेलं नसल्यामुळे ती ओळ मी तशीच ठेवली.

मुद्रितशोधकांची एक खूण मला लहानपणापासून आवडायची. चुकून काही खोडलं, आणि मग वाटलं की मूळचंच बरोबर होतं, तर त्या अक्षराखाली बारीक टिंबं द्यायची. म्हणजे समोरच्यानं समजायचं, खोडलेलं विसर, आहे तसं राहू दे. बाबांनी ती मला शिकवली खरी, पण स्वतः वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. तशी वेळच येऊ देत नसत.

शनिवार, क्रांती चौकाजवळ

क्रांती चौकात उतरले आणि हॉलचा पत्ता विचारला. पुण्यात पत्ता विचारला की माणूस आधी आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. इथं एकाला विचारलं तर तिघं सांगायला लागले, तेही तीन दिशांनी. चौथ्यानं त्या तिघांना गप्प केलं आणि “चला मॅडम, मी तिकडंच चाललो” म्हणत मला दारापर्यंत सोडलं. मग तो वळून उलट्या दिशेनं गेला, तेव्हा कळलं की तिकडं चाललेला-बिललेला काही नव्हता.

दारात संजीवनी उभी होती. तीच या कार्यक्रमाची कर्तीधर्ती. मूळची सोयगावकडची, आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे आणि ही कॉलेजात कंप्युटर शिकवते. हातात चहाचा कप कोंबत म्हणाली, “मृदुलाताई, लई पोरं आलीत तुमच्यासाठी. जरा जोरात बोला, पंखा लई आवाज करतो.”

लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. भिंतीवर काय उमटावं? आदल्या दिवशी उघडी राहिलेली फाइल. हातभर उंचीच्या अक्षरांत: ‘सूचना. उलगडा हा प्रकल्प कुणीही वापरत नसल्यामुळे सोमवारपासून कायमचा बंद करण्यात येत आहे.’

पंखा तेवढा खडखडत होता. मागून एकजण म्हणाला, “अरे, ये तो मय्यत की चिठ्ठी है!” आणि जो काही हशा उसळला! मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मग माझंच हसू फुटलं आणि लबाडी तिथंच संपली.

संजीवनी मात्र हसली नाही. “कुणी वापरत नाय, हे तुमाला कसं कळलं?”

“तक्रारीच येत नाहीत. दोन वर्षं झाली.”

“पाहिलं का तुम्ही तक्रारींचं पान?”

आता खरं सांगते, पाहिलं नव्हतं. नोकरी लागली, वेळ मिळेना, म्हणून मी एक छोटासा प्रोग्राम लिहून तिथं बसवून दिला होता. एखाद्या तक्रारीवर दोन महिने हालचाल नसली की तो आपोआप विचारतो: ‘ही तक्रार अजून आहे का? उत्तर न आल्यास बंद करण्यात येईल.’ त्याचं नाव मी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं ‘कारकून’. त्याचे निरोप माझ्या मेलमध्ये कुठल्याशा कोपऱ्यात पडत आणि मी तिकडं ढुंकूनही बघत नसे.

“बघा, आत्ता दाखवते,” मी तावातावानं पान उघडलं. एकच तक्रार उघडी होती. तिच्यावर उत्तरं चोवीस. पहिल्या रांगेतल्या मुलीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

‘चि. सौ. कां. लिहिलं की चि. सौ. को. होऊन येतं. को म्हणजे कोण, असं विचारत नवरीचे वडील दुकानात आले आहेत. मेहरबानी करून बघा. कलीम, छापखाना, सिल्लोड.’

दोन महिन्यांनी कारकून: ‘ही तक्रार अजून आहे का?’

कलीम: ‘व्हय साहेब, आहे. आठवण ठेवली, शुक्रिया.’

कारकून: ‘ही तक्रार अजून आहे का?’

कलीम: ‘व्हय कारकूनसाहेब. तुमची तब्येत बरी ना? काम लई दिसतं तुमाला.’

आणखी दोन महिन्यांनी: ‘व्हय. ईद मुबारक. घरी सगळ्यांना सलाम सांगा.’

पुढं: ‘व्हय. पोरीच्या वाढदिवसाला बोलावलं होतं, तुम्ही आला नाय. नाराज आहात का?’

हॉलमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. वाचणाऱ्या मुलीला ठसका लागला, तिच्या शेजारच्यानं पुढं वाचलं. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. को कुठून आला ते मला क्षणात कळलं. ‘कां’वरचा अनुस्वार उडाला, तिथं मात्रा चढली, काना आणि मात्रा मिळून झाला ‘को’. माझी ओळ. बाबांची ओळ!

शेवटचा निरोप आठवड्यापूर्वीचा होता. ‘कारकूनसाहेब, बदली झाली का तुमची? जुना कंप्युटर आता चालू व्हायला अर्धा तास घेतो. तो गेला की वालिदांच्या वेळेपासूनच्या सगळ्या पत्रिका गेल्या. गिऱ्हाईक येतं, थोरल्या पोरीसारखीच धाकटीची करा म्हणतं, मी काय दाखवू? तुमच्याशिवाय कुणी इलाज नाय. एकदा या. तुमच्यासाठी वेगळं शिजवू.’

हशा हळूहळू ओसरला. मी घाईघाईत उत्तर टाइप केलं: ‘उद्या दुपारी सिल्लोडला येत आहे.’ बटण दाबल्यावर पाहते तर निरोपावर नाव उमटलेलं ‘कारकून’. कधीकाळी त्याच्या खात्यानं आत शिरले होते ती तशीच. मिनिटभरात उत्तर आलं: ‘सुभानल्लाह! कारकूनसाहेब येणार!’

“आता गं बाई!” मी डोक्याला हात लावला. संजीवनी म्हणाली, “माझ्या माहेरच्या वाटेवरच हाय सिल्लोड. सकाळी निघू. तुमाला जावंच लागतंय आता.”

रविवार, सिल्लोड

फुलंब्री मागं पडली आणि दोन्हीकडं कापूस फुटलेला दिसायला लागला. रस्त्याच्या कडेनं मका वाळत घातलेला, मैलच्या मैल पिवळाधमक. गाड्या निमूटपणे त्याला वळसा घालून जात होत्या. आमच्याकडं कुणी सोसायटीच्या दारात पापड वाळत घातले तरी नोटीस लागते. एका वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला. संजीवनीनं काच खाली करून मेंढपाळाला हाक मारली, “मामा, कुठून निघालात?” दोघांनी पाऊसपाणी, चारा, कुणाकुणाची खुशाली असं सगळं उरकेपर्यंत एक मेंढरू आमच्या आरशात स्वतःला पाहत उभं राहिलं. ते काही केल्या हटेना. शेवटी मामांनी त्याला कान धरून नेलं.

मी वाटभर तालीम करत होते. “कलीमभाई, कारकून हे माणूस नाहीत.” छे. “कलीमभाई, कारकून म्हणजे तसं कुणी नसतं.” त्याहून वाईट. संजीवनी गाडी चालवता चालवता इतकी हसली, की मी तिला रस्त्याकडं बघ म्हणून दोनदा दटावलं.

छापखाना बाजारातल्या एका बोळात होता. दारात कलीमभाई उभे. साठीचे असावेत, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, हातात गुलाबांचा हार. आमच्याकडं बघून मान लववली आणि नजर आमच्या पाठीमागं गाडीत गेली.

“साहेब मागच्या गाडीत हायेत का?”

“कलीमभाई, मी मृदुला. उलगडा मी लिहिलाय. कारकूनसाहेब...” आणि माझी सगळी तालीम वाया गेली. “कारकूनसाहेब नाहीतच हो. ते मशीन आहे. दर दोन महिन्यांनी तेच वाक्य आपोआप लिहितं.”

ते माझ्याकडं बघत राहिले. आतल्या पडद्याआडून त्यांच्या बायकोचं, शमीमभाभींचं, हसू ऐकू आलं. दाबलेलं, मग न दाबता येणारं. “या अल्ला! दो साल से मशीन को सलाम कर रहे थे ये!” भाभी पदर तोंडावर धरून बाहेरच आल्या. संजीवनीनं त्यांना साथ दिली. मग कलीमभाईही हसले, हार हातात धरून, खांदे हलेपर्यंत.

हसणं थांबल्यावर ते शांतपणे म्हणाले, “पण ताई, तो विचारत तरी व्हता. दर दोन महिन्याला, न चुकता. तुम्ही तर माणूस हाव. तुम्ही एकदा बी नाय विचारलं.”

खूप लाज वाटली. मी “चुकलं माझं” म्हणाले. त्यावर त्यांनी तो हार माझ्याच गळ्यात घातला. “आता आणलाच हाय, तर कुणाच्या गळ्यात तरी पडू दे!”

त्यांनी जुना कंप्युटर चालू केला आणि त्याला अर्धा तास लागणार म्हणून आम्ही जेवायला बसलो. ‘वेगळं शिजवू’चा अर्थ आत्ता कळला. आडनाव कारकून, म्हणजे बामणच असणार, असा हिशोब करून भाभींनी साहेबांसाठी नव्या भांड्यांत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली होती. घरच्यांसाठी होतं मटणाचं नान खलिया. मी सरळ खलियाकडं सरकले. लाल तर्री, मऊ नान, आणि तिखट असं की कानांतून वाफ निघावी. भाभी वरण-बट्टीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. कारकूनसाहेबांचं ताट संजीवनीनं बसल्या बैठकीला फस्त केलं आणि वर तूप मागून घेतलं. पुण्यात पाहुण्याला वाढताना अंदाज घेतात. भाभी अंदाज-बिंदाज काही घेत नव्हत्या. मी ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढत होत्या.

कंप्युटर एकदाचा चालू झाला. मी बाबांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“बाबा, तुमचा तो अनुस्वाराचा नियम काढतेय.”

“का म्हणून?”

“चि. सौ. कां.चं चि. सौ. को. होतंय.”

पलीकडून अगदी खोल आवाज आला, “कुठे छापलं?”

“सिल्लोडला.”

“छापून झालं?”

“एका लग्नाचं झालं होतं. यांनी पदरचा कागद घालून परत छापून दिलं.”

“अगं मग मला आत्ता सांगतेस! दोन वर्षे को? अरे देवा, देवा, देवा!” मग जरा सावरून, “एवढा एक कां वगळ. बाकी नियम बरोबर आहे. ‘यायचं’ हे लेखी मराठी नव्हे.”

कलीमभाईंनी मला विचारून फोन हातात घेतला. “सलाम साहेब. पत्रिकेच्या खाली पोरांची एक ओळ असती. ‘माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ तुमच्या मशिनीतून ती कशी निघती, ऐका. ‘माझ्या आत्याच्या लग्नाला यायचे हे!’ आता तुम्हीच सांगा, पाच वर्षांची पोरगी असं बोलंल का? लोक विचारतात, हे म्हणजे कुणाचे हे?”

संजीवनी टेबलाखाली वाकली.

“तुमचे वडील छापखान्यातच होते का?” बाबांनी विचारलं.

“जी. अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटं वाचायचे, सरळ वाचता येत नसल्यागत.”

झालं! मग दोघं शिशाच्या खिळ्यांवर घसरले. कुठल्या अक्षराचा खिळा लवकर झिजायचा, अनुस्वार कसा निसटून जमिनीवर पडायचा आणि मग तो शोधायला सगळा छापखाना कसा ओणवा व्हायचा. कलीमभाई म्हणाले, वालिद अनुस्वार तोंडात धरून जुळवायचे. बाबा खो खो हसले. माझे बाबा! फोन गरम झाला तरी कुणी ठेवायला तयार नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, “काढा तो नियम. पण मला पटलेले नाही, हे नोंदवून ठेवा.”

मी ती एक ओळ पुसली. कलीमभाईंनी जुनी पत्रिका उलगड्यात टाकली, पडद्यावर भिंग धरलं आणि पुटपुटत वाचू लागले. ‘चि. सौ. कां.’ आलं. ‘यायचं हं!’ आलं. “शमीम!” ते ओरडले, “आलं! कां आलं!” भाभी हात पुसत आल्या, त्यांनी वाचलं, संजीवनीनं वाचलं, शेजारचा चहावाला कां आलं का म्हणून विचारून गेला. संध्याकाळपर्यंत आम्ही जुन्या पत्रिका एकामागून एक काढत बसलो. कंप्युटर दोनदा धाप लागून बंद पडला. दर वेळी कलीमभाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि तो परत उठला.

निघताना मी बंद करण्याची ती सूचना सगळ्यांसमोर फाइलीतून उडवली. मग विचारलं, “कलीमभाई, तक्रारींचं पान तुम्ही सांभाळाल का?”

“मला कोड-बिड काय येत नाय, ताई.”

“ते संजीवनी आणि तिची मुलं बघतील. तुम्हाला उत्तर देता येतं. आमचं घोडं तिथंच अडलं होतं.”

ते विचारात पडले. “मग एक अट. कारकूनसाहेबांना काढायचं नाय. दोन साल वळख हाय आमची. फक्त त्यांना जरा बोलायची रीत शिकवू.” आणि तिथंच बसून त्यांनी कारकुनाचं नवं वाक्य लिहिलं: ‘सलाम. लई दिवस खबर नाय. सगळं ठीक ना? तक्रार अजून असेल तर नुसतं व्हय लिहा. बंद करणार नाय.’

परत पुण्यात

महिन्याभरात तक्रारींच्या पानावर वर्दळ सुरू झाली. बीडहून एक, जालन्याहून एक, मग कुठून कुठून. कळलं की लोक उलगडा पेनड्राइव्हवरून एकमेकांना देत आले होते, म्हणून मला कुणी दिसत नव्हतं. प्रत्येक तक्रारीखाली आधी कलीमभाईंचं ‘हजर आहे’ असतं, मग संजीवनीच्या मुलांची दुरुस्ती. मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडते आणि एकटीच हसते.

परवा टपालानं एक पाकीट आलं. नव्या उलगड्यातून निघालेली पहिली छापील पत्रिका, सिल्लोडच्या कुणा मुलीची. पाकिटावर बाबांचं नाव: ‘मुद्रितशोधक साहेब यांना’. बाबांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि नवरीच्या नावापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळी वाचली. चि. सौ. कां.वर जरा थांबले, समाधानानं हुंकार दिला. मग नजर खाली पोरांच्या ओळीवर आली. ‘माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’

पेन खाली गेलं. ‘यायचं’वरचा अनुस्वार त्यांनी सवयीनं खोडला, समासात मात्रा काढली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग एकदा हळूच, मोठ्यानं, लहान पोरीच्या सुरात म्हणून पाहिली. इकडं तिकडं बघितलं आणि समासातली मात्रा गिरगटून टाकली.

मग त्या खोडलेल्या अनुस्वाराच्या शब्दाखाली बाबांनी, एकेक करत, बारीक टिंबं दिली.

“पाठवून दे परत त्यांना,” ते म्हणाले. “छापखान्यातला माणूस आहे, त्याला कळेल.”